वाटेवरची गुरे आणि आपली मुले

'रोज पाऊण तास चालत जा' हे आपल्या व्यवसायातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अधिक वेळा लिहून दिले जाणारे औषध असावे. मधुमेहाला चालणे, रक्तदाबाला चालणे, गुडघ्यांना चालणे. आणि वजन वाढलेल्या मुलांच्या पालकांना आता माझ्यासारख्या बालरोगतज्ज्ञालाही तेच सांगावे लागते. हुबळी-धारवाडची माणसे हा सल्ला मनावर घेतात, कारण चालावेसे वाटेल असे पुष्कळ काही आपल्या गावांभोवती अजून शिल्लक आहे. केळगेरीचा तलाव, साधनकेरी, विद्यापीठाचा झाडीने भरलेला परिसर, कृषी विद्यापीठाकडील मोकळे रस्ते, हुबळीकरांसाठी उणकल तलाव आणि नृपतुंग बेट्ट; शिवाय शनिवारी नुग्गीकेरीच्या मारुतीला पायी जाण्याची जुनी प्रथा. मात्र वाटेत गुरांचा कळप आडवा आला, तर काय करावे, हे मी कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेले पाहिले नाही.

हा विषय सुचविला, तेव्हा आमच्या एका सर्जन मित्राने हसून विचारले, 'गाईपासून सावध राहा, असे सांगायला एम. डी. व्हावे लागते काय?' प्रश्न रास्त आहे. आपल्या आजोबांच्या पिढीला हे कोणी शिकविले नव्हते. परड्यात गोठा होता, दावणीला चार गुरे होती आणि कोणत्या गाईजवळ जावे, कोणीजवळ जाऊ नये, हे घरातील पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असे. माळमड्डी किंवा सप्तापूरच्या वाड्यांतील ते गोठे गेले, त्यांच्या जागी मोटारी आल्या. आज सुट्टीला पुण्याहून, बंगळूरहून किंवा न्यू जर्सीहून येणाऱ्या नातवंडांनी गाय पाहिलेली असते ती चित्राच्या पुस्तकात आणि तिथे ती नेहमी हसत असते. गाय बदललेली नाही. तिची भाषा जाणणारे घर उरलेले नाही.

त्यात मुलांची अडचण अशी की, त्यांची उंची नेमकी शिंगांच्या पातळीवर येते. प्रौढ माणसाला ढुशी बसते ती मांडीला किंवा कमरेला. तीच ढुशी सहा-सात वर्षांच्या मुलाच्या पोटात, छातीत किंवा चेहऱ्यावर बसते. धारवाडी म्हशीचे वजन चारशे किलोच्या आसपास असते, आपले मूल वीस किलोचे. हा हिशेब कागदावर मांडला की हसू येईनासे होते.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या अरुंबाक्कम भागातील एक चित्रफीत देशभर पाहिली गेली. शाळेतून आईबरोबर घरी निघालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर रस्त्यातून चाललेली गाय अचानक वळून धावली आणि तिला शिंगांवर उचलून आपटत राहिली. लोक दगड मारीत होते, ओरडत होते, तरी गाय हटेना. मुलगी वाचली. त्याच्या आदल्याच वर्षी, १३ ऑगस्ट २०२२ रोजी, गुजरातेत कडी येथे तिरंगा यात्रेत शिरलेल्या मोकाट गाईच्या धक्क्याने माजी उपमुख्यमंत्री नितीन पटेल यांच्या पायाचे हाड मोडले. भोवती सुरक्षारक्षक असलेल्या माणसाची ही स्थिती, तर दुर्गदबैलाच्या बाजारात एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात मुलाचे बोट धरून चालणाऱ्या आईची काय कथा!

हे आपल्याकडेच घडते, असे मात्र कोणी समजू नये. ब्रिटनमध्ये शेतांमधून जाणाऱ्या पायवाटांवर फिरण्याची मोठी परंपरा आहे आणि तेथे गुरांमुळे वर्षाला सरासरी चार-पाच माणसे दगावतात. त्यांतील बहुतेक शेतावर काम करणारी असतात, परंतु काही निव्वळ फिरायला गेलेली. तेथील माजी गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट हे दृष्टिहीन आहेत. जून २००९ मध्ये आपल्या मार्गदर्शक कुत्र्यासह ते चालले असताना वासरू असलेली एक गाय त्यांच्यावर धावली आणि त्यांची बरगडी मोडली. ऑस्ट्रियात टिरोलच्या डोंगरात २०१४ साली कुत्र्याला घेऊन फिरणारी एक जर्मन स्त्री वासरे असलेल्या गाईंच्या कळपाखाली सापडून मरण पावली. तो खटला वरच्या न्यायालयांपर्यंत गेला आणि दोष शेतकऱ्याचा निम्मा, फिरणारीचा निम्मा, असा निकाल २०२० मध्ये कायम झाला. मला त्या निकालातील ही वाटणी विचार करण्याजोगी वाटते. गुरांच्या मालकाची जबाबदारी आहेच. पण त्यांच्या वाटेने जाणाऱ्याचीही आहे.

या दोन्ही घटनांत दोन गोष्टी समान आहेत: वासरू आणि कुत्रा. कळपातील गाईला कुत्रा दिसला की तिला तो लांडग्याचाच भाऊबंद वाटतो, मग तो आपला कितीही गुणी लॅब्रडॉर असो. कुत्रा घाबरून मालकाच्या पायांत शिरतो आणि गाईचा रोख मालकाकडे वळतो. म्हणून जाणकारांचा सल्ला आपल्या सहजप्रवृत्तीच्या उलट आहे: गाय धावून आली तर साखळी सोडून द्यावी. कुत्रा गाईपेक्षा वेगाने पळतो आणि स्वतःला वाचवितो. आपण वाचवू शकत नाही. सकाळी विद्यापीठाच्या बाजूला कुत्री फिरविणाऱ्यांची संख्या पाहता हे सांगणे मला आवश्यक वाटते. साखळीचे टोक लहान मुलाच्या हाती तर कधीही देऊ नये.

गाय रागावण्यापूर्वी सांगते. आपल्याला ते वाचता येत नाही, इतकेच. तिचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे तिला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते, परंतु थेट पाठीमागचे दिसत नाही आणि नाकाच्या अगदी समोरचेही धड दिसत नाही. म्हणून मागून येऊन पाठीवर थाप मारणे, हा लाथ मागून घेण्याचा प्रकार होय. घोडा लाथ झाडतो ती मागे. गाय आणि म्हैस मात्र पाय पुढे घेऊन बाजूलाही झाडतात. त्यामुळे 'मी तर बाजूला उभा होतो' हे समर्थन उपयोगी पडत नाही. अंतराचा अंदाजही या जनावरांना फारसा नीट येत नाही. रस्त्यावरची सावली किंवा पाण्याचे डबके पाहून गाय मान खाली घालते, ती नेहमी मारण्यासाठीच असते असे नाही; ती न्याहाळत असते. पण मान खाली आहे, कान मागे गेले आहेत, फुरफुर चालली आहे, पुढच्या खुराने माती उकरणे सुरू आहे, तर तिने आपले म्हणणे मांडले आहे असे समजावे. वळूची तऱ्हा वेगळी. तो प्रथम आडवा उभा राहून पाठीची कमान करतो आणि आपला आकार दाखवितो. त्या ऐटीला पाहत उभे राहणारे, आणि आता मोबाइलवर तिचे चित्रण करणारे, वेळ गमावतात.

प्रत्येक जनावराभोवती एक न दिसणारे वर्तुळ असते. आपण बाहेर असेपर्यंत ते रवंथ करीत राहते. आत पाऊल टाकले की ते दूर सरकते, आणि सरकायला जागा नसेल तर अंगावर येते. रोजच्या गवळ्यासाठी हे वर्तुळ नसल्यातच जमा असते, तर आपल्यासाठी ते चांगले पाच-सात पावलांचे. अरुंद बोळात, कुंपणाच्या कोपऱ्यात किंवा दोन वाहनांच्या मध्ये सापडलेली गाय माळावरच्या गाईपेक्षा अधिक धोक्याची असते, याचे कारण हेच. तिला वाट द्यावी. वाट दिली की दहापैकी नऊ वेळा प्रश्न मिटतो.

आणि वासरू. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या बाबतीत स्वभाव, जात, ओळख हे सारे हिशेब बाजूला पडतात. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात कलघटगीच्या बाजूच्या एका खेड्यातून आठ वर्षांच्या एका मुलाला माझ्याकडे आणले, ते 'धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी'. सुट्टीला आजोळी आलेला शहरी मुलगा. खोड्या काढणारा मुळीच नव्हे, फार समंजस. गोठ्यातील सहा दिवसांच्या वासराला बिस्किट द्यावे म्हणून तो दोन पावले पुढे गेला. गाय बांधलेली होती, म्हणून घरातील सर्वजण निश्चिंत होते. परंतु बांधलेल्या जनावराची पोच दाव्याच्या लांबीइतकी नसते. दावे, त्यात मान, त्यात शिंग, असा तो हिशेब आहे. गाईने एकदाच मान फिरविली. मुलाच्या पोटावर उजव्या बाजूला खाली, रुपयाच्या नाण्याएवढी जखम होती. आजीने हळद दाबून बसविली होती आणि रक्त केव्हाच थांबले होते. मुलगा रडत नव्हता. तो फारच शांत होता, आणि मुलांची अशी शांतता बालरोगतज्ज्ञाला आवडत नाही. नाडी १४० च्या वर, ओठ कोरडे, आणि पोटावर हात ठेवला तर ते लाकडासारखे. वडील म्हणत होते, 'डॉक्टर, एवढीशी तर जखम आहे.' त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. लहान आतड्याला दोन ठिकाणी छिद्रे होती आणि आत शेणामातीचे कण होते. मुलगा वाचला, नवव्या दिवशी घरी गेला. मात्र तो रात्रभर तसाच राहिला असता, तर हे वाक्य मला लिहिता आले नसते.

आपल्या सर्जन मंडळींना यात नवे काही नाही, पण अन्य शाखांतील सहकाऱ्यांसाठी आणि विशेषतः समाजातील वाचकांसाठी हे स्पष्ट सांगितले पाहिजे. शिंगाची जखम सुरीसारखी सरळ नसते. शिंग आत शिरते आणि मग जनावर मानेला झटका देते. कातडीला छिद्र एक, पण आतील मार्ग दोन-तीन दिशांना फाकलेले, आणि प्रत्येकात माती व कपड्याचे तुकडे ओढले गेलेले. मांडीच्या वरच्या भागात हाच मार्ग मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचतो. स्पेनचा विख्यात बुलफायटर मानोलेते १९४७ साली लिनारेस येथे मांडीत शिंग घुसूनच गेला. त्या देशात पूर्वी जखमेपेक्षा नंतरच्या जंतुसंसर्गाने अधिक बुलफायटर मरत. माद्रिदच्या सर्वांत मोठ्या बुलरिंगसमोर पेनिसिलिनच्या अलेक्झांडर फ्लेमिंगचा पुतळा उभा आहे आणि त्याला मानवंदना देणारा बुलफायटरही तेथे कोरलेला आहे. डॉक्टरांचे पुतळे एकूण कमीच उभारले जातात. हा एक कृतज्ञतेने उभारलेला.

म्हणून शिंगाने झालेली पोट, छाती, जांघ, गुदद्वाराभोवतीचा भाग किंवा मान यांवरील कोणतीही जखम, ती कितीही लहान दिसो, सर्जन आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात नेली पाहिजे. जवळच्या दवाखान्यात दोन टाके घालून घरी पाठविण्याची ती जखम नव्हे. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. आतडे बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नये. स्वच्छ ओल्या कापडाने झाकून मुलाला निजवूनच न्यावे. तोंडाने पाणी, चहा, दूध काहीही देऊ नये, कारण भूल द्यावी लागेल. जखमेत हळद, कॉफीपूड, चुना यांपैकी काही भरू नये, आणि शेण तर नाहीच. धनुर्वाताचे जंतू गुरांच्या आतड्यात सुखाने राहतात व शेणातून मातीत येतात. ज्या जनावराने जखम केली, त्याचेच शेण त्या जखमेवर लावण्यासारखा उलटा उपचार दुसरा नसेल.

वरून काहीच जखम नाही आणि लाथ किंवा ढुशी पोटाला बसली आहे, ही स्थिती अधिक फसवी. मुलांच्या बरगड्या लवचिक असतात. त्या न मोडताच आतील प्लीहा किंवा यकृत फाटू शकते. दिवसभरात पोट दुखणे वाढले, उलट्या झाल्या, खांद्यात दुखू लागले, लघवी लाल झाली, मूल फिकट किंवा सुस्त दिसू लागले, तर वाट पाहू नये. डोक्यावर आपटलेल्या मुलाबाबतही तेच.

धनुर्वाताच्या लसीबद्दल दोन शब्द. नवजात अर्भकांचा धनुर्वात भारतातून हटल्याचे २०१५ साली मान्य झाले, आणि तेव्हापासून पालकांचा समज असा दिसतो की तो रोगच गेला. रोग मातीत आहे, तो जाणार नाही. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे तीन डोस, दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा बूस्टर येथपर्यंत आमच्या शहरांत बहुतेक मुले येतात. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचे डोस मात्र शाळा-क्लासच्या धांदलीत हमखास राहतात. आणि आजोबांचे काय? सत्तरीतील कित्येकांना शेवटची लस कधी घेतली हे आठवतही नाही. सकाळी फिरायला मात्र तेच जातात.

गुरांपासून रेबीज होऊ शकतो, ही गोष्टही पुष्कळांना ठाऊक नसते. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेली गाय काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, आजारी पडते. आवाज घोगरा होतो, लाळ गळते, गिळता येत नाही. पाहणाऱ्याला वाटते, घशात काही अडकले आहे. मग घरातील धीट माणूस तोंडात कोपरापर्यंत हात घालून पाहतो. खरा धोका तेथे आहे. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नये, पशुवैद्यास बोलवावे. आणि हातावर ओरखडे असून लाळ लागली असेल तर पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. अखंड त्वचेला निरोगी वासराने चाटले, तर मात्र आईने घाबरून मुलाला घेऊन धावत येण्याचे कारण नाही. दूध कच्चे पिऊ नये, हा नियम रेबीजपेक्षाही ब्रुसेलोसिस आणि क्षयासाठी अधिक महत्त्वाचा आहे. 'धारोष्ण दुधाने अंग धरते' असे म्हणणाऱ्या आजोबांशी मी माझ्या खोलीत पुष्कळ वाद घातले आहेत आणि बहुतेक हरलो आहे. उकळी मात्र अद्याप कोणाकडून हरलेली नाही.

हळियाळ, दांडेली, शिरशीकडे सहलीला जाणाऱ्यांसाठी गोचिडीचाही उल्लेख हवा. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि त्यातून क्यासनूर फॉरेस्ट डिसीज जगाला ठाऊक झाला. माकडतापाच्या या साखळीत रानात चरणारी गुरे गोचिडींना पोसण्याचे काम करतात. पुढे हा रोग गोवा आणि सिंधुदुर्गातही दिसला. रानवाटेवरून आल्यावर मुलांचे कान, मान, काखा आणि जांघा पाहाव्यात. पावसाळ्यानंतरच्या तापात अंगावर विडीच्या चटक्यासारखा काळा डाग आढळला तर स्क्रब टायफसचा विचार करावा. तो डाग शोधण्यासाठी मुलाचे सर्व कपडे काढण्याला पर्याय नाही, हे तरुण सहकाऱ्यांना सांगण्याचा मोह आवरत नाही.

पुन्हा वाटेवर येतो. आपली फिरण्याची वेळ आणि गुरांची घरी परतण्याची वेळ एकच, ती म्हणजे गोरज. दिवसभर वासरापासून दूर राहिलेली, कास भरलेली गाय तेव्हा ओढीने घराकडे निघालेली असते. तिच्या आणि गोठ्याच्या मध्ये अरुंद वाटेवर थांबून निसर्गशोभा पाहू नये. बाजूच्या बांधावर चढावे, मुलाला आतल्या बाजूस घ्यावे, कळप जाऊ द्यावा. धारवाडला पावसाळा चांगला चार महिने चालतो. कळपासमोर छत्री फट्‌कन उघडू नये; फडफडणारा रेनकोटही जनावरांना बुजवितो. लाल रंगाने बैल भडकतो हा समज मात्र सोडून द्यावा. त्याला डिवचते ती हालचाल, रंग नव्हे. बाजारातील मोकाट गाय पिशवीच्या वासाने मागे येते. पिशवी छातीशी धरून तिच्याशी ओढाताण करू नये, टाकून द्यावी. केळी पुन्हा मिळतात.

आणि ती खरोखरच अंगावर आली तर? पाठ फिरवून सरळ रेषेत पळू नये. गाय ताशी पंचवीस-तीस किलोमीटर वेगाने सहज धावते. ती दूर असतानाच तोंड तिच्याकडे ठेवून, हात न उडविता, तिरके मागे सरकावे आणि झाड, खांब, भिंत, चर, जे मिळेल त्याचा आडोसा घ्यावा. वेळ नसेल तर हातातील पिशवी किंवा टॉवेल एका बाजूला फेकून दुसऱ्या बाजूला उडी घ्यावी. पडल्यास पालथे होऊन गुडघे पोटाशी घ्यावेत, दोन्ही हातांनी मान आणि डोके झाकावे, आणि संधी मिळताच चरात किंवा कुंपणाखाली लोळत जावे. मूल बरोबर असेल तर त्याला हाताने ओढत पळण्यापेक्षा उचलून आडोशामागे ठेवणे बरे. दगड मारणारे लोक बहुधा गाईला आणखी बिथरवितात. काठी घेऊन आलेला एक गुराखी पन्नास बघ्यांहून उपयोगी पडतो.

सणांबद्दल लिहिताना हात जरा आखडतो, कारण हे सण आपलेच आहेत. ज्येष्ठ पौर्णिमेची कारहुणवी, तिलाच कोल्हापूर-सांगलीकडे कर्नाटकी बेंदूर म्हणतात; दिवाळी पाडव्याला गवळ्यांनी सजवून मिरविलेल्या म्हशी; शेजारच्या हावेरी जिल्ह्यातील खोबऱ्याच्या माळा बांधून पळविलेले होरी. बैलांच्या खेळांना परवानगी देणारे कर्नाटक, महाराष्ट्र आणि तमिळनाडूचे कायदे १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविले, तेव्हा कायद्याचा प्रश्न सुटला. पण फटाके, ढोल, रंगविलेली शिंगे आणि त्यांवरील पितळी शेंब्या यांनी बिथरलेला खिलारी बैल गर्दीत शिरला की त्याला निकालपत्र वाचून दाखविता येत नाही. बघ्यांचे जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. मूल खांद्यावर घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहणाऱ्या बापांना माझे एकच सांगणे: गच्चीवरून पाहावे. तेथून दिसतेही अधिक चांगले.

इतर प्राण्यांविषयी थोडक्यात. मेंढरांचे कळप घेऊन शेताशेतांतून फिरणाऱ्या धनगर-कुरुबांच्या मेंढ्या निरुपद्रवी, परंतु त्यांची राखणीची कुत्री नव्हेत. तळाजवळून जाताना मालकाला हाक मारूनच जावे. टकरीसाठी वाढविलेल्या एडक्याला मुलांनी चिडवू नये. पिले असलेली डुकरीण गाईइतकीच तापट असते. आणि कोंबडा हा विनोदाचा विषय वाटतो खरा, पण रांगत्या मुलाच्या डोळ्याची चमक त्याला दाण्यासारखी भासू शकते आणि एका चोचीत दृष्टी जाऊ शकते. रांगते मूल आणि कोंबड्या एका अंगणात, देखरेखीशिवाय, ठेवू नयेत.

राहता राहिली धारवाडची म्हैस, जिच्या दुधावर आपला पेढा उभा आहे. खांद्याकडे वळलेली अर्धवर्तुळाकार शिंगे असणारी ही काळी म्हैस २०२१ साली स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली, याचा मला धारवाडकर म्हणून अभिमान आहे. ती स्वभावाने गाईहून शांत, पण डबक्यात डुंबत असताना तिला हुसकणे तिला मुळीच खपत नाही. फिरताना गवळ्याशी बोलावे, ही माझी जुनी सवय. जनावराजवळून मुलांना नेण्यापूर्वी मी विचारतो, 'हायतदेन री?', म्हणजे मारते का हो? उत्तर बहुधा ठरलेले असते: 'नम्मन्न हायंगिल्ल', आम्हांला मारीत नाही. उत्तर अगदी प्रामाणिक आहे. ते नीट ऐकावे एवढेच. मग मी दुसरा प्रश्न विचारतो, 'आणि परक्याला?' यावर गवळी जरा थांबतो, म्हशीकडे पाहतो, आणि मुलांना हाताने चार पावले मागे सरकवितो.